परत आलेल्या यानाची साक्ष

एकदाच उडणारे रॉकेट आपले दोष पोटात घेऊन समुद्राच्या तळाशी जाते. परत येणारे यान तेच दोष अंगावर वागवत घरी येते. पुन्हा वापरता येणाऱ्या यानांचा विषय निघाला की आपण वाचलेले पैसे मोजतो. मला त्यातली खरी कमाई वेगळी वाटते: असे यान आपल्या प्रवासाची साक्ष देते. ती ऐकणारा मात्र हवा.

अध्यक्ष निक्सन यांनी ५ जानेवारी १९७२ रोजी स्पेस शटलला मंजुरी दिली, तेव्हा वर्षाला पन्नासच्या आसपास उड्डाणांचे हिशेब मांडले जात होते. प्रत्यक्षात सर्वांत धावपळीच्या १९८५ सालातही ती नऊच झाली. असे का झाले, हे शटलच्या अंगावरची एक उष्णतारोधक टाइल पाहिली की कळते. सिलिकाच्या तंतूंची ही टाइल म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच, वजनाला थर्मोकोलसारखी. भट्टीतून लालभडक बाहेर काढली तरी काही सेकंदांत तिचे कोपरे उघड्या बोटांनी धरता येतात. कोलंबिया या शटलवर अशा सुमारे तीस हजार टाइल्स होत्या. जवळजवळ प्रत्येकीचा आकार निराळा, म्हणून प्रत्येकीवर तिचा क्रमांक. ॲल्युमिनियमचा सांगाडा फुगतो-आकसतो आणि टाइल ठिसूळ, म्हणून दोन्हींच्या मध्ये मऊ गादी घालून त्या हाताने चिकटवल्या गेल्या. पाणी मुरू नये म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर त्यांना एकेक करून औषधाचे इंजेक्शन द्यावे लागे.

हे काम अपयशाच्या खात्यात टाकायला मी तयार नाही. यानाची कातडी बोटाबोटाने वाचणारी ती माणसे होती. घोटाळा झाला तो वाचलेल्याचा अर्थ लावताना.

शटलची घन इंधनाची दोन बूस्टर पॅराशूटने समुद्रात उतरत, मग ती ओढून आणून उघडली जात. नोव्हेंबर १९८१ च्या दुसऱ्याच उड्डाणानंतर सांध्यातली रबरी ओ-रिंग गरम वायूने खाल्लेली आढळली. जानेवारी १९८५ मध्ये, कडक थंडीतल्या उड्डाणानंतर, दोन रिंगांमधले ग्रीस काजळून काळे झालेले होते. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते रॉजर बोजोली यांनी ते स्वतः पाहिले आणि जुलैत लेखी इशारा दिला. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ते आणि त्यांचे सहकारी ‘या थंडीत उड्डाण नको’ असे सांगत होते. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे शटल ७३ सेकंदांत कोसळले, सात जण गेले. रिंग झिजूनही याने सुखरूप आली होती, तेव्हा एवढी झीज चालते, असा हिशेब वरच्यांनी केला होता. साक्ष बरोबर होती, निकाल चुकला.

शटलच्या बाहेरच्या इंधन टाकीवरच्या फोमचेही तेच झाले. फोमचे तुकडे वारंवार सुटत, टाइल्सवर व्रण दिसत, आणि ते दुरुस्तीच्या नेहमीच्या यादीत जात. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाच्या सुमारास असाच एक तुकडा कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. यान कक्षेत असताना त्याची छायाचित्रे घ्यावीत, अशी अभियंत्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतताना कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी आपण गमावले.

आजची क्रू ड्रॅगन अंतराळकुपी हा धडा घेऊनच बांधलेली वाटते. ती रॉकेटच्या टोकावर बसते, म्हणून वरून तिच्यावर काही पडण्याचा प्रश्न नाही, आणि धोका दिसला तर रॉकेटपासून सुटून दूर जाण्याची सोय तिच्यात आहे. मे २०२० मध्ये माणसे घेऊन गेलेली कुपी एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा माणसे घेऊन गेली. पंख नाहीत, विमानाचा डौल नाही, पण मला ती अधिक प्रामाणिक वाटते. तरीही परतलेल्या प्रत्येक कुपीसमोर कुणाला तरी बसावेच लागेल आणि ‘गेल्या वेळी चालले होते’ हे वाक्य तोंडातून काढण्याआधी थांबावे लागेल.

चॅलेंजरचे अवशेष केप कॅनाव्हेरलला क्षेपणास्त्रांच्या वापरात नसलेल्या भुयारांमध्ये बंद करून टाकले गेले. कोलंबियाचे सुमारे ८४ हजार तुकडे मात्र केनेडी अंतराळ केंद्रातल्या एका दालनात जपून ठेवले आहेत, आणि संशोधकांना ते अभ्यासासाठी दिले जातात.