स्थिर सुई आणि खरी उत्तर

शास्त्रपाठ : १ करिंथ ४:१-५; स्तोत्र १३९:२३-२४



करिंथ येथील मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचे नाव घेई, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे. पौलावर टीकाही होत होती. तिला तोंड देताना प्रेषित एक विलक्षण गोष्ट लिहितो. आपले मन आपणास कोणत्याही बाबतीत दोष देत नाही असे तो सांगतो. परंतु तेवढ्यावरून आपण निर्दोष ठरलो असे तो म्हणत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे, असे म्हणून तो ते प्रकरण प्रभूच्या हाती सोपवतो.

आपण बहुधा याच्या उलट करतो. पंचांच्या सभेत वाद झाला, भावाभावांत घराची वाटणी झाली, सीमेवरच्या एखाद्या मंडळीत आराधना अगोदर कोणत्या भाषेत व्हावी यावरून अबोला धरला गेला, की प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते : “माझे मन मला खात नाही.” हे वाक्य उच्चारले की आपल्या मते खटला संपला. पौलाच्या मते तो तेथे संपत नाही. का संपत नाही, हे समजण्यास आपण दर्यावर्दींच्या व भूमापकांच्या शाळेत थोडा वेळ बसू या.

विवेकभाव म्हणजे देवाने अंतःकरणात ठेवलेले होकायंत्र, असे आपण पुष्कळदा ऐकले आहे. उपमा योग्यच आहे. परंतु होकायंत्र बाळगणाऱ्याला त्याविषयी जे ठाऊक असते ते आपणही जाणून घेतले पाहिजे. दिशा मोजताना उत्तर ही मूळ रेषा धरतात व तिच्यापासून उजवीकडे कोन मोजत जातात. पूर्व ९० अंशांवर, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर. सारे कोन त्या एका रेषेवर टांगलेले असतात. ती रेषा एका अंशाने चुकली तर साठ मैल गेल्यावर जहाज सुमारे एक मैल बाजूला पडते. बंदर आणि खडक यांत पुष्कळदा तेवढेही अंतर नसते.

पहिली गोष्ट ही की, सुई खरी उत्तर दाखवतच नाही. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याचे टोक ही खरी उत्तर. सुई वळते ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ओढीने, आणि त्या चुंबकत्वाचा ध्रुव वेगळ्या ठिकाणी आहे. जेम्स क्लार्क रॉस याने १८३१ साली तो कॅनडाच्या उत्तर टोकाकडील बूथिया द्वीपकल्पावर शोधून काढला. आपल्या भागात या दोन उत्तरांतील फरक एकदोन अंशांच्या आतच असतो, म्हणून आपणास तो जाणवत नाही. जगात इतरत्र तो पंधरा-वीस अंश व त्याहूनही अधिक आहे. आणि मौज ही की, चुकीची दिशा दाखवताना सुई थरथरत नाही. ती अगदी स्थिर उभी राहते. स्थिर सुई ही नेहमी खरी सुई असतेच असे नाही.

जॉन न्यूटन हा स्वतः दर्यावर्दी होता. १७४८ साली समुद्रातील वादळात त्याचे मन देवाकडे वळले. परंतु त्यानंतर, १७५० ते १७५४ या काळात, तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. खाली साखळदंडांत माणसे, आणि वर कप्तान खलाशांना जमवून प्रार्थना चालवीत आहे! त्या धंद्याच्या योग्यायोग्यतेविषयी तेव्हा आपल्या मनात शंकाही आली नव्हती, असे त्याने पुढे स्वतः लिहिले. तो ढोंगी नव्हता. त्याची सुई स्थिर होती. पण साऱ्या समाजाची ओढ जिकडे होती तिकडेच ती वळली होती. त्या व्यापाराविरुद्ध त्याने आपली पुस्तिका प्रसिद्ध केली ती १७८८ साली, समुद्र सोडून चौतीस वर्षे झाल्यावर. बंधूंनो, ज्या गोष्टीविषयी आपल्या मंडळीत कोणाचेच मन कोणाला खात नाही, तिचीच तपासणी आपण प्रथम करावी. लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारणे, ही त्यांपैकी एक नव्हे काय?

दुसरी गोष्ट जवळच्या लोखंडाची. मॅथ्यू फ्लिंडर्स हा १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करीत होता. जहाजाचे तोंड वळले की सुईची चूकही बदलते, हे त्याने बारकाईने टिपले. कारण जहाजावरच होते : तोफा, नांगर, खिळे. पुढे सबंध जहाजेच लोखंडाची होऊ लागली तेव्हा चूक फारच वाढली. १८३८ साली जॉर्ज एअरी याने ‘रेनबो’ नावाच्या लोखंडी जहाजावर प्रयोग करून होकायंत्राजवळ लोहचुंबक व लोखंड बसवून ती चूक आटोक्यात आणली.

ही चूक शोधण्याची रीत मनन करण्याजोगी आहे. जहाज मोकळ्या पाण्यात नेऊन हळूहळू सर्व दिशांना फिरवतात. प्रत्येक दिशेस तोंड असता सुई काय दाखवते, आणि सूर्याची किंवा किनाऱ्यावरील खुणांची खरी दिशा काय आहे, हे ताडून पाहतात. निघालेला फरक एका तक्त्यावर मांडून तो तक्ता जवळ ठेवतात. आज जहाजांवर उपग्रहांशी जोडलेली साधने आली, तरी चुंबकीय होकायंत्र व त्याचा तक्ता सुटलेला नाही.

जहाज सर्व दिशांना का फिरवावे लागते? कारण एका दिशेस तोंड असता जी सुई जवळजवळ बरोबर असते, तीच दुसरीकडे वळताच कित्येक अंश चुकते. आपलेही तसेच आहे. एखादा बंधू दारूला शिवत नाही, दशांश चुकवत नाही. तेथे त्याची सुई अचूक. पण बहिणीचा वाटा देण्याची वेळ आली की त्याच सुईला आपला फायदा न्याय्य दिसतो. एखादी भगिनी आजाऱ्यांची सेवा मनोभावे करते, पण सुनेचा प्रश्न आला की तिची सुई फिरते. परक्याच्या भांडणात आपण शलमोन असतो. आपला मुलगा त्या भांडणात असला की नसतो. म्हणून एका बाजूची शुद्धता दाखवून दुसऱ्या बाजूची हमी देता येत नाही.

आणि हे लोखंड वाईट म्हणून समुद्रात टाकता येत नाही, कारण जहाजच त्याचे बनले आहे. आपले घराणे, आपली भाषा, आपले रक्त, आपली रोजी ही सर्व देवाचीच दाने आहेत. ती टाकावयाची नाहीत. ती आपणास कोणीकडे व किती ओढतात हे मात्र ओळखावयाचे आहे.

अधूनमधून त्या ओढीपासून दूर जाणेही आवश्यक असते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकत्वाची मापे घेतली जात. पुढे शहरात विजेच्या ट्राम यावयाच्या होत्या. त्यांच्या प्रवाहाने नाजूक उपकरणे बिघडली असती. म्हणून ट्राम येण्यापूर्वीच, १९०४ साली, अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली आणि तिच्या इमारतीत लोखंड येऊ नये अशी काळजी घेण्यात आली. आपला प्रभूही पहाटे उठून एकांतात प्रार्थनेस जात असे. ज्या घरात दिवसभर आपलीच बाजू बोलली जाते तेथे बसून आपली बाजू तपासता येत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. लंडन येथे १५८० साली विल्यम बरो याने मोजले तेव्हा सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस सुमारे अकरा अंश होती. १६३४ साली हेन्री गेलिब्रँड याने मोजले तेव्हा ती जेमतेम चार अंशांवर आली होती. पुढे ती पश्चिमेस गेली, आणि २०१९ साली ग्रीनिच येथे सुमारे ३६० वर्षांनी सुई व खरी उत्तर पुन्हा एका रेषेत आल्या. म्हणूनच भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर हा फरक छापताना त्यासोबत सालही छापतात. जुन्या सालाचा फरक धरून आज चालणारा माणूस प्रामाणिक असूनही वाट चुकेल. तरुणपणी एकदा केलेली मनाची झडती आयुष्यभर पुरत नाही. आपण प्रभुभोजनास पुनःपुन्हा येतो, आणि येताना प्रत्येक वेळी आपली परीक्षा करावी असे शास्त्र सांगते, ते उगाच नव्हे.

मग काय, विवेकभाव टाकून द्यावा? मुळीच नाही. चूक ठाऊक आहे म्हणून कोणी खलाशी होकायंत्र फेकून देत नाही. तो सुई पाहतो, तक्ता पाहतो आणि आकाशाकडे पाहतो. आपणही मनाचा आवाज ऐकावा, आपली ओढ ओळखावी आणि दोन्ही ख्रिस्ताच्या वचनाशी ताडून पाहावी. आकाश सुईप्रमाणे सरकत नाही.

आपल्या भाषेत ‘उत्तर’ हा शब्द दिशेस लागतो आणि जबाबासही लागतो. पौलाने दोन्ही जाणले होते. त्याची दिशा ख्रिस्त होता, आणि जबाब द्यावयाचा तोही ख्रिस्तालाच. ज्या बंधूशी आपण “माझे मन मला खात नाही” असे म्हणून बोलणे सोडले आहे, त्याच्या दारी या आठवड्यात जाण्यापूर्वी आपण स्तोत्रकर्त्यासारखे स्वतःस देवापुढे ठेवू या.

हे प्रभू, आमचे अंतःकरण सर्व बाजूंनी फिरवून पाहा. जेथे आम्ही निश्चिंत आहोत तेथेच आमची चूक आम्हांस दाखव, आणि आमचे पाऊल तुझ्या वाटेकडे वळव. आमेन.