शेजाऱ्याच्या बाजूने साक्ष



शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे. खोटे बोलू नये, एवढाच तिचा अर्थ घेऊन आपण पुढे जातो. पण जे पाहिले ते सांगणे हेही आपले कर्तव्य आहे का? आणि सांगितल्याने दुसऱ्याच्या जिवावर बेतणार असेल तर काय करावे? आपल्या शेजारच्या म्यानमारमध्ये, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशात, साध्या माणसांना या प्रश्नाचे उत्तर वारंवार द्यावे लागले आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये तेथील लष्करी सरकारने इंधनाचे दर एकाएकी वाढवले. सप्टेंबरमध्ये हजारो बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले. परदेशी वार्ताहरांना मोकळीक नव्हती, तेव्हा तिथल्याच तरुणांनी लहान कॅमेरे पिशवीत लपवून चित्रण केले व ते देशाबाहेर पाठवले. २७ सप्टेंबरला यांगूनमध्ये जपानी पत्रकार केंजी नागाई गोळी लागून मरण पावले. ती भरकटलेली गोळी होती, असा सरकारी खुलासा आला. चित्रफितीत मात्र त्यांच्या अगदी जवळ बंदूकधारी सैनिक दिसत होता. लवकरच सरकारने देशातील इंटरनेट बंद केले.

पुढच्याच वर्षी, २ मे २००८ रोजी, नर्गिस चक्रीवादळ इरावती नदीच्या मुखाशी धडकले. भारतीय हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. सुमारे १,३८,००० माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. सरकारने सुरुवातीला सांगितलेला आकडा होता ३५१. परदेशी मदत पथके व्हिसासाठी ताटकळत राहिली, पण १० मे रोजी बहुतेक भागांत राज्यघटनेवरचे सार्वमत उरकण्यात आले. विनोदी नट झारगनार यांनी स्वयंसेवक जमवून गावोगाव मदत नेली आणि तिथली दशा परदेशी वार्ताहरांना सांगितली. त्यांना आधी ४५ व नंतर आणखी १४ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली आणि २०११ मध्ये ते सुटले.

वादळ कोणी सरकार आणत नाही. पण मेलेल्यांची गणती लपवली की जिवंत राहिलेल्यांचा तांदूळही अडतो. ज्याची मोजदादच नाही त्याच्यापर्यंत मदत कशी पोहोचणार? म्हणून अशा वेळी खरे सांगणे हे दयेच्या कृत्यांतलेच एक कृत्य आहे, असे आम्हांला वाटते.

याला दुसरी बाजूही आहे. २००७ मध्ये छायाचित्रे व चित्रफिती पाहूनच मोर्चातील माणसे ओळखली गेली आणि रात्री घरातून उचलली गेली. म्हणजे चित्र खरे असूनही ते शेजाऱ्याच्या विरुद्ध गेले. तत्त्वज्ञ कांट यांचे मत असे होते की मित्राचा जीव घ्यायला आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये. ख्रिस्तसभाही खोट्याला परवानगी देत नाही. पण ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगायला कोणी बांधील नाही, असे ती शिकवते. तेव्हा साक्षीदाराने चेहरा झाकला, नाव गाळले, तर ते खोटे नव्हे. मृतांचा आकडा फुगवला, दुसरीकडचे चित्र इथले म्हणून दाखवले, तर मात्र ते खोटेच, हेतू कितीही चांगला असो. शिवाय त्या एका खोट्याचा आधार घेऊन सत्ताधारी बाकीच्या शंभर खऱ्यांनाही खोटे ठरवतात.

हा इतिहास संपलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. मे २०२३ मध्ये मोखा चक्रीवादळानंतरच्या हानीची छायाचित्रे काढायला गेलेल्या एका छायाचित्रकाराला २० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा परदेशी पत्रकारांना राहण्याची सोय नाही, वीज-पाणी नाही, असे कारण देऊन परवानगी नाकारण्यात आली. त्याच दिवसांत संगणकाने बनवलेली भूकंपाची खोटी दृश्ये जगभर फिरत होती.

इथे आपला संबंध येतो. तिथला माणूस तुरुंगाची भीती पत्करून एक दृश्य पाठवतो. आपण मात्र खरे-खोटे न तपासता, कोणाचा चेहरा उघडा पडतो याचा विचार न करता, बोटाच्या एका स्पर्शाने दहा जणांना पुढे पाठवतो. साक्षीदाराइतकीच साक्ष ऐकणाऱ्याचीही जबाबदारी असते. पुढे पाठवण्याआधी थोडे थांबावे आणि स्वतःला विचारावे : हे माझ्या शेजाऱ्याच्या बाजूने आहे, की त्याच्या विरुद्ध?

या रविवारी मिस्सामध्ये, पाहिलेले खरे सांगितले म्हणून जे तुरुंगात गेले त्यांच्यासाठी आणि ज्यांची गणतीच झाली नाही त्या मृतांसाठी, प्रार्थना करू या.

आपले धर्मगुरू