सव्वाशे किलोंचा संसार

ब्रिटनमध्ये विक्रीला उभ्या असलेल्या नव्या कॅरव्हॅनच्या दारापाशी वजनांची एक पट्टी असते. मोटारीमागे जोडून ओढायच्या या घराचं रिकामं वजन किती, आणि सामान भरल्यावर ते कुठवर जाऊ द्यायचं, हे तिच्यावरून कळतं. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पेलोड. कुटुंबाला सोबत न्यायचं ते सगळं त्यात बसलं पाहिजे. पेलोड किमान किती असावा, हे युरोपीय मानकाने सूत्रात बांधून दिलं आहे: झोपायच्या जागा गुणिले दहा, मीटरमधली लांबी गुणिले दहा, आणि वर तीस. साडेपाच मीटर लांबीची, चौघांची कॅरव्हॅन घेतली तर उत्तर येतं १२५ किलो.

सव्वाशे किलो ऐकायला बरेच वाटतात. पण दारापुढे ताणायचा ऑनिंगचा तंबू, जादा बॅटरी, अवघड जागी कॅरव्हॅन ढकलत बसावं लागू नये म्हणून बसवलेला मोटर-मूव्हर, एवढ्यातच निम्म्याहून अधिक वजन खर्ची पडू शकतं. उरलेल्यात चौघांचे कपडे, पांघरुणं, भांडी, शिधा, पुस्तकं, मुलांची खेळणी. हद्द ओलांडली तर तो कायद्याने गुन्हा ठरतो. दुकानदार एरवी प्रत्येक खरेदीत ‘आणखी हेही घ्या’ म्हणतो. इथे चांगला विक्रेता आधी विचारतो, ‘काय काय घरी ठेवाल?’

हा प्रश्न धर्मांच्या ओळखीचा आहे, आणि त्यांनीही तो मोजमापं घेऊनच विचारला. बौद्ध विनयपिटकात, भिक्षूने मागून आणलेल्या साहित्यातून स्वतःसाठी कुटी बांधली तर ती बारा वीत लांब आणि सात वीत रुंद, याहून मोठी नको, असा नियम आहे. वीतही कोणती धरायची, तर सुगताची, म्हणजे बुद्धाची. जैन मुनींना चातुर्मास सोडला तर एका गावी महिन्याहून अधिक राहायचं नसतं. तिथे मोजपट्टी जागेला लागत नाही, मुक्कामाला लागते. नुसतं ‘कमी वापरा’ असं सांगून भागत नाही, कमी म्हणजे किती ते सांगावं लागतं, हे नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यूंच्या सुक्कोत सणाचं उदाहरण तर थेट कॅरव्हॅनपाशी येऊन पोचतं. शरद ऋतूत सात दिवस पक्कं घर सोडून झावळ्यांनी शाकारलेल्या झोपडीत राहायचं, जेवायचं. कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाच्या सिनेगॉगांच्या आवारातही अशी झोपडी उभी राहते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात तिची उंची वीस हातांहून अधिक नसावी असं म्हटलं आहे, आणि झोपडी गाडीवर किंवा जहाजावर बांधली तर चालेल का, याचाही विचार केला आहे. चालते. पाऊस आला तर झोपडी सोडून घरात जायची मुभा कधी, तर ताटातली लापशी बिघडेल इतका जोर झाला की. साधेपणाला वरची मर्यादा आहे, तशी सोसण्यालाही आहे. देहाचा छळ म्हणजे भक्ती नव्हे, हे इतक्या घरगुती तपशिलातून सांगणारा धर्मनियम विरळाच.

मात्र या सगळ्यांत कॅरव्हॅनचा खरा पूर्वज कोण म्हणाल तर जपानचा कामो नो चोमेई. संन्यास घेतलेल्या या कवीने १२१२ मध्ये ‘होजोकी’ हे छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याने क्योतोमध्ये ११७७ ची आग पाहिली, वावटळ पाहिली, दुष्काळ पाहिला, ११८५ चा भूकंप पाहिला. ११८० मध्ये राजधानी अचानक हलवली गेली, तेव्हा लोकांनी आपली घरं उतरवून लाकडं नदीतून वाहून नेली. एवढं पाहिल्यावर पक्क्या घरावरचा त्याचा विश्वास उडाला यात नवल नाही. त्याचं प्रत्येक नवं घर आधीच्याहून लहान होत गेलं. साठीच्या सुमारास डोंगरात बांधलेली शेवटची कुटी साधारण तीन मीटर लांब आणि तेवढीच रुंद होती. पाया खणलेला नव्हता, सांधे कड्यांनी जोडलेले होते. जागा आवडेनाशी झाली तर उतरवायची आणि दोन गाड्यांत भरून न्यायची. आत अमिताभ बुद्धाची प्रतिमा, थोडी पुस्तकं, आणि दोन वाद्यं: घडी घालता येणारी कोटो आणि सुट्या दांड्याची बिवा. घडीचं सामान करण्याची बुद्धी आठशे वर्षं जुनी आहे तर!

चोमेईचा मोठेपणा पुस्तकाच्या शेवटी दिसतो. कुटीचं सुख मनसोक्त वर्णून झाल्यावर तो स्वतःलाच अडवतो: या कुटीवर जडलेला जीव हीदेखील आसक्तीच नव्हे का? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आवही तो आणत नाही. कॅरव्हॅन घेणाऱ्याने हा प्रश्न सोबत ठेवावा, कारण ‘साधं जगायचं’ म्हणून घेतलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन वर्षांत टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि सोलर पॅनल कसे शिरतात हे अनेकांनी पाहिलेलं आहे.

पण भिक्षू, मुनी आणि चोमेई यांनी ‘किती पुरे’ ते ठरवलं ते एकट्यापुरतं. संसार्‍याचा पेच निराळा. त्याला पुरेल ते तिला पुरेलच असं नाही, आणि दोघांना पुरेल त्यात बारा वर्षांच्या मुलाची सायकल बसेलच असंही नाही.

म्हणूनच कॅरव्हॅनच्या इतिहासात दोन आरंभ शेजारी ठेवून पाहावेत. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि कुमारांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘द वाँडरर’ बांधून घेतली आणि १८८५ मध्ये दोन घोडे जोडून ते ट्वायफर्डहून इन्व्हर्नेसपर्यंत गेले. हौसेसाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून तिचं नाव घेतात. सोबत गाडीवान होता, आणि पुढे तीनचाकी सायकलवरून वाट मोकळी करणारा नोकर. या मुक्त भटकंतीचा भार दुसऱ्यांनी उचललेला होता. दुसरा आरंभ १९३१ चा, जर्मनीतल्या इस्नी गावचा. आरिस्ट डेथलेफ्स यांच्या घराण्याचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा; त्यासाठी ते महिनोन्‌महिने फिरतीवर असत. त्यांच्या जोडीदार फ्रिडेल एडेलमान चित्रकार होत्या. त्यांना सोबतही हवी होती आणि वाटेत चित्रं काढायला जागाही. डेथलेफ्स यांनी मोटारीमागे जोडायचं छोटं घर बांधलं. त्याला ते ‘राहायची मोटार’ म्हणत. पुढे त्याचाच कारखाना झाला.

डेथलेफ्स दांपत्याने यात संसार सोडला नाही. त्यांनी ताटातूट नाकारली. एकाचा धंदा आणि दुसरीची कला एका छपराखाली बसवायची तर जागेचा हिशेब दोघांनी मिळून करावा लागतो. या लेखाच्या दृष्टीने कॅरव्हॅनची निवड हा नीतीचा प्रश्न होतो तो इथे. एकट्याने वस्तू सोडणं हा त्याग. दुसऱ्याच्या वस्तूसाठी आपली वस्तू सोडणं हा त्याहून अवघड अभ्यास आहे, आणि गृहस्थाश्रमाच्या थोरवीविषयी आपल्याकडे जे सांगितलं गेलं त्याचा गाभाही तोच असावा.

आराखडा निवडताना याचा रोकडा अनुभव येतो. जोडप्यांसाठीच्या दोन बिछान्यांच्या कॅरव्हॅनमध्ये पुढे समोरासमोर बाकं आणि मागच्या टोकाला ऐसपैस न्हाणीघर असतं. रात्री बाकं जुळवून पलंग करायचा, सकाळी मोडायचा. कायमचा पलंग हवा असेल तर बसायची जागा आकसते, किंवा लांबी आणि वजन वाढतं. कुटुंबासाठी एकावर एक बंकबेड आले की प्रश्न वेळेचा होतो. मुलं आठला झोपतात. आईबाबांना दहापर्यंत वाचायचं असेल तर दिवा कुठे लावायचा? मधे सरकता पडदा किंवा दार आहे का? जाणकार सांगतात की विक्रेत्याच्या आवारात सगळ्या कुटुंबाने तासभर आत बसावं, प्रत्येकाने आपल्या बिछान्यावर आडवं होऊन पाहावं. शक्य तर पावसाच्या दिवशी. भाड्याची कॅरव्हॅन घेऊन एक आठवडा काढला तर उत्तमच.

मोटारीचा विचार त्याच्याही आधी करायचा. नवशिक्यांनी भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं असा ब्रिटनमधल्या कॅरव्हॅन क्लबांचा सल्ला आहे. जड सामान खाली, ॲक्सलच्या जवळ; जोडाच्या टोकावर एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार. हे चुकलं तर वेगात कॅरव्हॅन मागे डावी-उजवीकडे झुलू लागते आणि मोटारीलाही आपल्यासोबत ओढते. जुनी घ्यायची तर ओल पाहायची: लाकडी सांगाड्यात झिरपलेलं पाणी वरून दिसत नाही, डॅम्प मीटरचा आकडा पंधरा टक्क्यांच्या आत असला तर निर्धास्त, वीसच्या वर गेला तर सावध. टायरवरची नक्षी कोरी करकरीत दिसली तरी पाच ते सात वर्षांनी टायर बदलायचेच.

इथवर झाली ती निवड करू शकणाऱ्यांची गोष्ट. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसांचा संसार केलेल्या पिढीला अपरिग्रहाचं कौतुक सांगायला कोणी जाऊ नये. हाच फरक ब्रिटनच्या रस्त्यावर अधिक टोकदार होतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना वस्तू एकच आहे: कॅरव्हॅन. स्टेबल्स स्वतःला ‘जंटलमन जिप्सी’ म्हणवत. ज्यांच्यावरून त्यांनी हे नाव घेतलं त्या रोमानी लोकांची भाषा मराठीच्याच इंडो-आर्यन कुळातली. १९६० च्या कायद्याने कॅरव्हॅन उभी करण्याच्या जागांना परवाना सक्तीचा केला. मान्यताप्राप्त क्लबांना सवलत मिळाली: शेतकऱ्याच्या रानात पाच कॅरव्हॅन, कमाल २८ दिवस. पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्यांच्या वाटेवरच्या जागा मात्र बंद होत गेल्या. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी तळ उभारण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली, १९९४ च्या कायद्याने ती काढून घेतली. २०२२ पासून, वाहनासह कोणाच्या जमिनीवर विनापरवाना वस्ती करून मोठं नुकसान केलं वा त्रास दिला आणि सांगूनही निघाले नाहीत तर तो फौजदारी गुन्हा आहे. शिक्षेत तुरुंगवास आहे, आणि कॅरव्हॅन जप्तही होऊ शकते. म्हणजे घरच जप्त. १८७१ पासूनचे गुन्हेगार जमाती कायदे आणि त्यांनी पारध्यांच्या कपाळी मारलेला शिक्का ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातलं काही नवं वाटणार नाही.

सुट्टीची कॅरव्हॅन मोकळी फिरते ती मागे पक्का पत्ता असतो म्हणून. विमा कंपनी विचारते, एरवी ती रात्री कुठे उभी असते? या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याची भटकंती छंद ठरते, नसेल त्याची उपद्रव. सोडण्याचा आनंद सोडायला काही असणाऱ्यालाच मिळतो, ही अडचण भिक्षूंच्या नियमातही होती. पण कुटीचं माप ठरवून देणाऱ्या विनयाने निदान तिच्यासाठी जागा दाखवून देण्याची जबाबदारी संघावर टाकली होती. जागा पाहिल्याशिवाय कुटी बांधायची नाही, असाच नियम होता.

अशा फिरत्या, म्हणजे ‘ट्रॅव्हलर’, कुटुंबांच्या तळासाठी परिषदेकडे अर्ज आला की ब्रिटनमधल्या गावांतून हरकतीच्या पत्रांचा पाऊस पडतो. ती पत्रं लिहिणाऱ्यांतल्या काहींच्या अंगणातही कॅरव्हॅन उभी असणार. सव्वाशे किलोंत काय न्यायचं यावर रात्र रात्र विचार करणाऱ्या कुटुंबाने, असं पत्र सहीसाठी दाराशी आलं तर काय करायचं, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावं.