टांगा मिळाला, हाकणारा नाही

बुद्धपौर्णिमा जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक विषय हमखास उगवतो: बौद्ध धम्म आधुनिक तंत्रज्ञानाशी कसा जुळवून घेतो आहे. उदाहरणंही ठरलेली. क्योटोच्या कोदाइजी मंदिरात 2019 पासून प्रवचन देणारा ‘मिंदार’ हा यंत्रमानव, ध्यान शिकवणारी मोबाइल अ‍ॅप्स, यूट्यूबवरची वंदना. बुद्ध काळाच्या किती पुढे होता, या कौतुकावर लेख संपतो. पण जुळवून घेण्याचा हा प्रश्नच मुळात फार सोपा आहे.

धम्माला यंत्राचं वावडं कधीच नव्हतं. चाळीसगावहून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत कोरणाऱ्यांनी आपल्या काळातलं सगळं कसब ओतलं. तिथल्या एका यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव कोरलेलं आहे. तारीख नोंदवलेलं जगातलं सर्वात जुनं उपलब्ध छापील पुस्तक म्हणजे इ.स. 868 मधलं वज्रच्छेदिका सूत्र. आणि यंत्र म्हणजेच तृष्णा, असं मानणाऱ्यांना बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये गांधीवादाची झाडाझडती घेताना उत्तर देऊन ठेवलं आहे: यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. तो वाद तिथेच मिटला.

माझं भांडण आहे ते तिसऱ्याच मताशी, कारण ते आपल्याच घरात शिरलं आहे. हे मत म्हणतं, धम्म म्हणजे मन ताळ्यावर ठेवण्याची एक पद्धत. विहार, पावसाळ्यातला वर्षावास, जयंती ही भोवतीची सामाजिक सजावट. गाभा ध्यानाचा, आणि तो फोनवरही मिळतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा ध्यानावरचं धार्मिक वेष्टन जाणूनबुजून काढून ठेवलं होतं. रुग्णांसाठी ते योग्यच होतं. पण तीच पद्धत फिरून आता धम्माच्या नावाने आपल्याकडे येते, आणि पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेला जळगावचा मुलगा सुट्टीत घरी आला की म्हणतो, ‘‘विहारात कशाला? मी रोज वीस मिनिटं अ‍ॅप लावतो.’’

त्याचं मन शांत होत असेल; मला ते नाकारायचं नाही. मात्र ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माची जागा नेमकी दाखवली आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की गरज सुरू होते. अ‍ॅपची सगळी रचना माणूस एकटा आहे असं धरून केलेली असते. म्हणजे धम्माचा प्रश्न जिथे सुरू होतो, त्याच्या अलीकडेच अ‍ॅपचं काम आटोपतं.

यावर विपश्यनेचा दाखला दिला जाईल, आणि तो वजनदार आहे. धुळ्याजवळ डेडरगावला ‘धम्म सरोवर’ हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका 2013 मध्ये गेले, पण शिबिरात आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात सूचना मिळतात. तंत्रज्ञानाने परंपरा टिकवली याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. तरीही बारकाईने पाहा. तो आवाज ऐकायला माणसाला घर सोडून जावं लागतं, फोन जमा करावा लागतो आणि दहा दिवस परक्यांच्या रांगेत मांडी घालावी लागते. मौनामुळे कोणी कोणाला काही विचारत नाही. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि जेवणाच्या रांगेत आपली जुनी प्रश्नावली सुरू होते: कुठले तुम्ही? आडनाव काय? माझ्या मते खरी परीक्षा इथे सुरू होते. आडनाव कळल्यावरही शेजारचा तसाच शेजारी बसून राहिला, तर त्या दहा दिवसांत धम्म झाला. नाहीतर फक्त ध्यान झालं.

म्हणून मी एक भेद धरून बसलो आहे: साधन मिळणं वेगळं आणि सोबत मिळणं वेगळं. हा भेद खानदेशाने बाबासाहेबांना फार महागात शिकवला. 1929 मध्ये सरकारी समितीचे सभासद म्हणून ते एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला धुळ्याकडे गेले होते. परतताना 23 ऑक्टोबरला चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आलेल्या लोकांना त्यांना महारवाड्यात न्यायचं होतं. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला तयार होता, पण हाकायला नाही. महाराला बसवून टांगा हाकणं त्याला कमीपणाचं वाटलं. शेवटी वस्तीतलाच, टांगा हाकायची सवय नसलेला एक जण पुढे बसला. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता टळली, आणि नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळून बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. रेल्वे होती, मोटार होती, टांगा होता. शेजारी बसणारा तेवढा नव्हता.

काळ बदलला, हे खरं. पण 2015 मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला आणि फिर्यादीनुसार कारण काय, तर त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. फोन आधुनिक होता. आसपासचे लोक तसे नव्हते.

आता आपल्या बौद्धांकडेही पाहू. धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब मुक्कामाला होते, म्हणून दर 31 जुलैला तिथे लोक जमतात. ते मोठंच आहे. पण जमतात ते बहुतेक आपलेच. वधू-वर परिचयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायोडेटात ‘बौद्ध’ लिहून कंसात जुनी जात टाकली जाते. गावात कोणाशी बोलायचं हे निदान चारचौघांत दिसायचं. फोनवर ती निवड बोटाच्या एका टोकाने होते आणि लाजही वाटत नाही.

उलट उदाहरणही आहे. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण येतं, सेनापती युद्ध मागतो, आणि मागे बसलेली एखादी आजी मध्येच अहिराणीत विचारते, ‘‘मंग सिद्धार्थ काय बोलना रे भाऊ?’’ वाचन थांबतं. बोलणं गिरणेच्या पाटचारीवर जातं, कोणाची पाण्याची पाळी कोणी मोडली इथपर्यंत पोचतं. करोनाच्या काळात हेच वाचन फोनवर आलं. वाचणारा एक आणि बाकी सगळे म्यूट. ग्रंथ वाचून पुरा झाला असेल, पण मध्ये बोलणारी आजी तिथे नव्हती.

फोन बंद करा, असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात पांगलेल्यांना वर्षावासाशी बांधून ठेवणारं दुसरं साधन आज तरी नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्यासाठी तोच विहार आहे. पण साधनाची किंमत एकाच हिशोबाने करावी: त्यामुळे कोणाच्या शेजारी कोण बसलं. ज्यामुळे कोणीच नवं बसलं नाही, ते कितीही आधुनिक असो, धम्माच्या खात्यावर त्याची जमा शून्य.

येत्या आषाढ पौर्णिमेला विहारात वाचन सुरू होईल तेव्हा ते खुशाल लाइव्ह दाखवा. फक्त त्याआधी पलीकडच्या गल्लीत जाऊन, ज्यांना आजवर कधी बोलावलं नाही त्यांना या म्हणून सांगा. लिंक पाठवू नका, स्वतः जा.