उरलेली लोकर आणि न खाण्याची फळे



स्वेटर विणणाऱ्या बाईला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. लोकर घ्यायची ती हिशेबापेक्षा एक गुंडा जास्त. रंग तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि पाठ एका छटेची, बाही दुसऱ्या छटेची असा स्वेटर कोणी हौसेने घालत नाही. म्हणून जादा गुंडा येतो आणि काम संपल्यावर त्यातला अर्धा-पाव उरतो. असे गुंडे पिशवीत, पेटीत, कपाटाच्या खालच्या खणात वर्षानुवर्षे साठत राहतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत.

या लोकरीची इवली इवली फळे विणण्याची हौस सध्या आपल्या काही भगिनींना लागली आहे. सुईवर सहा-सात टाके घालायचे, ओळीगणिक वाढवत न्यायचे, मग कमी करत आणायचे. शेवटी धागा सगळ्या टाक्यांतून ओवून आवळला की फळाचे तोंड मिटते. पोटात लोकरीचेच बारीक तुकडे भरायचे आणि वर हिरवे पान लावायचे. स्ट्रॉबेरी एका बैठकीत होते; द्राक्षाच्या घोसाला मात्र चिकाटी लागते. नाताळच्या झाडाला किंवा दाराच्या तोरणाला ही फळे टांगली की घर हसते. रुखवतात असल्या वस्तू मांडण्याची आवड आपल्या लोकांत आहेच. (सफरचंद आणि चेरी इतक्या उत्साहाने का विणतात, हे आम्हांला कळलेले नाही. आपल्या डोंगरावर करवंद आहे, जांभूळ आहे, बोर आहे. करवंद तर काळ्या लोकरीच्या चिमूटभर तुकड्यात होईल!)

या हौसेवर एका भगिनीने आम्हांला प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न या पानावर आणण्याची परवानगीही दिली. "फादर, ज्या तालुक्यात पोरांना खरं फळ मिळायची मारामार, तिथं आपण लोकरीची फळं करत बसायचं, हे बरं दिसतं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निदान जव्हार-मोखाड्यात तरी नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, आणि दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांची पाने पुन्हा भरली. आजही दिवाळीनंतर भात-नागलीचे काम उरकले की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. अशा ठिकाणी 'शोभेचे फळ' हा शब्दच घशात अडकतो.

सोपे उत्तर असे देता येईल, की दोन-चार ग्रॅम लोकरीने कोणाचे पोट भरत नाही. ती फळात गेली काय आणि पेटीत कुजली काय. (कुजतही नाही म्हणा. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते.) हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. विचारणाऱ्या भगिनीला खुपत होता तो लोकरीचा खर्च नव्हता. वेळ, हात आणि मन कशावर खर्च करावे, हा तिचा प्रश्न होता.

वेळेविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात विचार करून ठेवला आहे. खेळ आणि विरंगुळा यांत सद्गुण असू शकतो का, असा प्रश्न ते आपल्या मोठ्या ग्रंथात उपस्थित करतात. तिथे संत योहानाची एक जुनी गोष्ट येते. शिष्यांबरोबर खेळताना योहानाला पाहून लोक नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले. एक झाला, दुसरा झाला, मग त्याने विचारले की असेच सतत मारत राहता येईल का. तो मनुष्य म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला सांगितले. शरीर थकते तसा आत्माही थकतो आणि त्यालाही विसावा लागतो, असे थॉमस मानतात. इतकेच नाही, स्वतः कधी हसायचे नाही आणि हसणाऱ्याच्या आनंदात विरजण घालायचे, या वृत्तीलाही ते दोष म्हणतात. दिवसभर शाळेत, दवाखान्यात, शेतात राबलेल्या बाईने रात्री तासभर लोकरीचे जांभूळ विणले तर तिच्याकडे हिशेब मागू नये, असे आम्हांला वाटते.

पण खरी गाठ पुढे आहे, आणि ती 'उरलेली' या शब्दात आहे. लोकर उरली, असे कधी म्हणायचे? चौथ्या शतकातले संत बेसिल श्रीमंतांना कठोर शब्दांत सांगत, की तुमच्या पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्यावर कुडकुडणाऱ्याचा आहे. म्हणजे जे आपण उरलेले समजतो ते कदाचित कोणाचे तरी देणे असते. वस्तू उरते ती देणे फिटल्यावर. हे तत्त्वज्ञान वर्गात शिकताना कोरडे वाटते, पण लोकरीच्या पिशवीपाशी ते फार व्यवहारी होते. जव्हारच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. तीन रंगांचे तीन अर्धे गुंडे एकत्र केले तर लहान मुलाची पट्ट्यापट्ट्यांची कानटोपी होते. अर्धा गुंडा आणखी मिळाला तर पायमोजेही होतात. ज्यातून टोपी होऊ शकते ती लोकर आमच्या मते अजून उरलेली नाही. टोपीच्या कामाचीही राहत नाही, ती खरी उरलेली.

इथेच हा लेख संपला असता, तर गरिबांना आधी टोपी आणि मग शोभा, असा सरळ निवाडा झाला असता. पण आपल्याच डोंगरातले वारली बांधव हा निवाडा इतक्या सहज मान्य करणार नाहीत. वारल्यांच्या घरी लग्न असले की गेरूच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात आणि पालघट देवीला तिथे बसवतात. धवलेरी गाते. आणि त्या चौकाचा पांढरा रंग तांदळाचा असतो! ज्या घरात पावसाळा संपेपर्यंत तांदूळ पुरेल की नाही याची खात्री नाही, त्या घरातही चौकासाठी तांदूळ दळला जातो. तो उरलेला तांदूळ नसतो. शहरातून आलेला एखादा समाजसेवक याला उधळपट्टी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला फक्त भाकरीचीच गरज आहे, सुंदर काही त्याला नकोच, असे त्याच्या वतीने ठरवणे हाही एक प्रकारचा अपमान आहे.

बायबलमध्ये तर धाग्याची फळेच आहेत, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आले असेल? निर्गमाच्या २८व्या अध्यायात अहरोनाच्या झग्याचे वर्णन आहे. झग्याच्या खालच्या घेराभोवती निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे करायची आणि त्यांच्या मधे मधे सोन्याची घुंगरे लावायची, अशी आज्ञा मोशेला होते. हे रंगीत सूत लोकरीचेच असावे, असे अभ्यासक मानतात. घुंगरांचे काम तिथेच सांगितले आहे : याजक पवित्रस्थानात जाता-येता त्यांचा आवाज ऐकू यावा. डाळिंबांचे काम मात्र सांगितलेले नाही. ती नुसती आहेत.

आता ही माणसे कुठे होती ते पाहा. वाळवंटात. गणनाच्या पुस्तकात हेच लोक मोशेशी भांडतात, की इथे ना अंजीर, ना द्राक्ष, ना डाळिंब, आणि प्यायला पाणीही नाही. ज्यांच्याकडे खरे डाळिंब नव्हते त्यांच्या याजकाच्या झग्याला धाग्याची डाळिंबे होती. ती पाहून त्यांचे पोट भरले असे कोणी म्हटलेले नाही. पण वचन दिलेल्या देशातल्या फळांत डाळिंबाचे नाव आहे, आणि हेर तो देश पाहून आले तेव्हा त्यांनी द्राक्षांच्या घोसाबरोबर डाळिंबेही आणली होती. म्हणून त्या झग्याची डाळिंबे आम्हांला अजून न मिळालेल्या फळाची आठवण वाटतात. आणि ती आठवण लोकांच्या गळ्यात न बांधता याजकाच्या अंगावर बांधली होती, हे धर्मगुरू म्हणून आम्हांला विसरता येत नाही.

याच कारणाने ही विणलेली फळे अंगणवाडीतल्या मुलांना नाताळची भेट म्हणून वाटावीत, ही सूचना आम्हांला पटली नाही. सूचना प्रेमाने आली होती, पण मुलाच्या हातात केळ्याऐवजी लोकरीचे केळे देणे ही थट्टा होईल, मग आपला हेतू काहीही असो. अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिच्यातून अंगणवाडीतल्या मुलांना अंडे किंवा केळे देण्याचे ठरले. आपल्या पाड्यावर ते ठरलेल्या दिवशी पोहोचते का, हे विचारायला जाणे ही आपली पहिली भेट. खरे फळ डोंगरावर येऊ शकते, हे बायफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमातल्या आंबा-काजूच्या बागांनी जव्हार भागात दाखवले आहे. कलमाला पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, एवढेच. आणि ते 'एवढेच' किती मोठे आहे हे हंडा वाहणारीला विचारा.

तेव्हा फळे जरूर विणा. गोठ्याभोवती लावण्यासाठी ती आम्हांला हवीच आहेत. चर्चच्या मागच्या दाराशी दोन पिशव्या ठेवल्या आहेत. अर्ध्या गुंड्याएवढी किंवा त्याहून जास्त लोकर मोठ्या पिशवीत टाकावी, ती टोप्यांसाठी आहे. त्याहून लहान तुकडे छोट्या पिशवीत. फळांच्या बियांसाठी कृपया मणी शिवू नयेत, काळ्या धाग्याचे टाके घालावेत. गोठ्याजवळ रांगणारी मुले येतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. आणि कोणी करवंद विणलेच, तर ते आधी आम्हांला दाखवावे.