शिखर कोणाचे?

ढोकीच्या परिसरात तेरणेच्या खोऱ्यात दृष्टीला अडवील असा कडा नाही. काळी जमीन, आणि तिच्याखाली आडवा पसरलेला काळा पाषाण. तोच पाषाण पश्चिमेस सह्याद्रीत उभा राहतो. तेव्हा सपाटीवरच्या माणसाने कडे चढणाऱ्यांची चिकित्सा का करावी, असे कोणी विचारील. पण येथे प्रश्न बळाचा नसून हक्काचा आहे, आणि हक्काविषयी बोलावयास दोर लागत नाही.

अमेरिकेतील यूटा संस्थानाच्या वाळवंटात तांबड्या वालुकाश्माचे एकाकी सुळके आहेत. त्यांपैकी कॅसलटन नामक सुमारे ४०० फुटी सुळक्यावर लेटन कोर व हंटले इंगल्स हे १९६१ साली प्रथम चढले. कोर हा धंद्याने गवंडी. पुढल्याच वर्षी इंगल्स व जॉर्ज हर्ली ह्यांच्यासह त्याने चिखलाने माखलेला ९०० फुटी टायटन सर केला. १९७९ साली उत्तर अमेरिकेतील पन्नास निवडक चढायांचा ग्रंथ निघाला, त्यात कॅसलटनची वाट आली. वाळवंटातील सुळक्यांकडे पुढील पिढ्या वळल्या, त्याचे पुष्कळसे श्रेय ह्या गवंड्याकडे जाते.

१९६४ साली एका मोटार-कंपनीने जाहिरातीसाठी हेलिकॉप्टरच्या साहाय्याने त्याच माथ्यावर मोटारगाडी नेऊन ठेविली! कोरला आपण मान देतो व ह्या मोटारीस हसतो, ते का? माथा तर एकच. कोरने जीव धोक्यात घालून वाट शोधली, हे उत्तर मला मान्य आहे. मात्र ते अपुरे आहे. श्रमाने कौतुकाचा अधिकार मिळतो, प्रवेशाचा मिळतोच असे नाही.

न्यू मेक्सिकोतील शिपरॉक पाहा. १९३९ साली चौघेजण खडकात भोके पाडून, खिळे ठोकून त्यावर चढले. चढाई अपूर्व होती ह्यात शंका नाही. परंतु तो खडक नाव्हाहो लोकांना पवित्र आहे. त्यांच्या एका आख्यायिकेप्रमाणे पूर्वज त्याच्या माथ्यावर राहत. विजेने वाट तुटली व काहीजण वरच अडकून मेले. त्यांच्या आत्म्यांस उपद्रव होऊ नये म्हणून जिवंतांनी तेथे जावयाचे नाही. १९७० पासून तेथे चढाईस बंदी आहे.

"दगडाला काय कळते?" हा आक्षेप सोपा आहे. दगडाला कळत नाही, शेजाऱ्याला कळते. खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो महाराष्ट्रीयाने तरी विसरू नये. पावित्र्याच्याच नावाने माणसांना दारे बंद केली गेली. १९३० साली नाशकात काळाराम मंदिरापुढे आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला तो ह्याच कारणाने. मग ते पावित्र्य खोटे आणि शिपरॉकचे खरे, हे कोणत्या न्यायाने?

मला भेद दिसतो तो असा. नाव्हाहोंचा निर्बंध प्रथम त्यांच्या स्वतःवर आहे. ते स्वतःही चढत नाहीत. काळारामाचे दार मात्र बंद करणाऱ्यांना उघडे होते.

ही कसोटी घेऊन वणीच्या सप्तशृंगीकडे गेलो म्हणजे ती जरा अडखळते. त्या शिखरावर इतरांनी चढू नये असा पूर्वापार संकेत. आणि चैत्रातील यात्रेच्या वेळी रात्री एका घराण्याचा माणूस ध्वज घेऊन तो अवघड कडा एकटा चढतो. निर्बंध सर्वांना, अपवाद एकाला. त्याच्याकडे विशेषाधिकार आहे म्हणावे, की सर्वांच्या वतीने वाहिलेला भार आहे म्हणावे? मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पण खाली उभे राहून ध्वजाची वाट पाहणाऱ्या यात्रेकरूंपैकी कोणी पहिले म्हणाला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.