सहीमागची सक्ती

र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. मूल हवे की नको हे बाईला ठरवता आले पाहिजे, हे मराठीत उघडपणे बोलण्याची सोय त्यातून झाली. त्याच वर्षी ना. सी. फडक्यांचे संततिनियमनावरचे इंग्रजी पुस्तक आले. त्यांचा आग्रह मात्र सुप्रजननाच्या, म्हणजे ‘चांगली’ प्रजा निपजवण्याच्या, चळवळीचा होता. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्याची मुभा व्हर्जिनिया राज्याला दिली.

कॅरीला ‘मंदबुद्धी’ ठरवले होते. ज्या कुटुंबात ती वाढली, त्यांच्याच एका नातेवाइकाने आपल्यावर बलात्कार केला, असे तिने पुढे सांगितले. त्यातून झालेले मूल तिच्या दुर्वर्तनाचा पुरावा मानले गेले. ती मुलगी शाळेत हुशार निघाली. जर्मनीने 1933 मध्ये असाच कायदा केला आणि सुमारे चार लाख माणसांची नसबंदी केली. नाझींचा पाडाव झाल्यावर तरी हा विचार संपायला हवा होता. पण जपानने 1948 मध्ये केलेला सुप्रजनन कायदा 1996 पर्यंत टिकला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवायला 2024 साल उजाडले.

आपल्याकडे सक्ती आली ती लोकसंख्येच्या आकड्यांचा हात धरून. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने हे विसरता कामा नये. आणीबाणीतल्या सक्तीवर उसळलेल्या रोषानंतर सरकारने पुरुषांना हात लावायचे जवळपास सोडून दिले आणि सगळा भार बायकांवर आला. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनी 13 जणींचा बळी घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूरची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे सगळे काही ‘मुलींच्या भल्यासाठी’ चालले होते. फेब्रुवारी 1994 मध्ये तिथल्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिले गेले. अत्याचारातून दिवस जाण्याची भीतीही बोलून दाखवली गेली. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा उरत नाही. महिला संघटना खवळून उठल्या आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. काळजी घेणारी माणसे नेमण्याऐवजी अवयव काढणे संस्थेला सोपे वाटले, हे मात्र कायमचे नोंदले गेले. भारताने 2007 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात प्रजननक्षमता राखण्याचा हक्क आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार स्वतःच्या स्वतंत्र, जाणत्या संमतीवाचून दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारा उपचार करता येत नाही.

म्हणजे विचार इथवर आला: संमती हवी. बीडच्या ऊसतोड बायकांनी त्याच्या पुढचा प्रश्न उभा केला. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणानुसार सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या. तिथे कुणी बळजबरीने नेले नव्हते. कागदावर सही किंवा अंगठा होता. पण मजुरीसाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामाआधीच खर्च झालेली असते. फडावर ना संडास, ना पुरेसे पाणी. पाळीमुळे एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. त्यात अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. अशा बाईच्या होकाराला स्वतंत्र संमती म्हणता येत नाही.

त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांची देखरेख आली. ती गरजेची होती, पण ती दवाखान्याच्या दारापर्यंतच पोचते. पाळीच्या दिवसांचा खाडा बंद करणे आणि फडावर पाणी, संडास व बाईडॉक्टर पोचवणे ही जबाबदारी साखर कारखान्यांची आणि सरकारची आहे. पुढच्या गळीत हंगामाचे परवाने देताना ही अट घातली गेली पाहिजे.